पहिल्यांदा ऑटोक्रॉसला जाताय? दोन आठवडे आधीपासून ते घरी परत येईपर्यंतचं सगळं

आमच्या इथे न्यू जर्सीत गेल्या दोन-तीन सीझनमधे मी ओळखीतल्या सात-आठ जणांना ऑटोक्रॉसला घेऊन गेलो आणि जवळपास सगळ्यांनी त्याच चुका त्याच क्रमाने केल्या, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. गंमत म्हणजे गाडी चालवता येत नाही म्हणून कोणाचाच दिवस वाया गेला नाही. कोणी चुकीचं हेल्मेट आणलं, कोणी सकाळी साडेनऊला उगवला, आणि बाकीचे कोर्स बघायच्या वेळेला कॉफी पीत गप्पा मारत बसले आणि मग पहिल्या रनला कोनांच्या जंगलात हरवले. दिवसाला मिळतात जेमतेम चार ते सहा रन. त्यातले तीन रस्ता शोधण्यात गेले की राहिलं काय?

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: मोठं पार्किंग लॉट किंवा जुनी धावपट्टी, त्यावर नारिंगी कोन मांडून केलेला वेडावाकडा रस्ता, त्यावरून एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. ४० ते ७० सेकंदांत खेळ खलास. वेग हायवेपेक्षा जास्त नसतो, बहुतेक गाड्या पूर्ण कोर्स दुसऱ्या गिअरमधेच काढतात. मी लिहितोय ते एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, यांच्या सोलो (ऑटोक्रॉसला त्यांनी दिलेलं नाव) नियमांप्रमाणे. बीएमडब्ल्यू आणि पोर्शेवाल्यांचे क्लबही थोड्याफार फरकाने तसंच करतात. पुण्या-नाशकाकडून वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की भारतात ऑटोक्रॉस एफएमएससीआय या तिकडच्या मोटरस्पोर्ट संस्थेच्या नियमांखाली आणि बऱ्याचदा मातीवर होतं, त्यामुळे खालचं क्लास आणि टायरचं तिकडे लागू नाही, कोर्स पायी बघण्याचं आणि नजरेचं मात्र जसंच्या तसं लागू.

१. गाडी चालेल का, आणि कुठल्या क्लासमधे (दोन आठवडे आधी)

रोजची ऑफिसला न्यायची गाडी चालते. सिविक, कोरोला, माझदा, जी असेल ती. माझी जुनी साधी सिविक आहे आणि मी अजून त्यातच धावतो. नाही चालत ती म्हणजे उंच एसयूव्ही, मिनीव्हॅन, पिकअप असली मंडळी, कारण झटकन दिशा बदलताना उलटायचा धोका. मधल्यामधे अडकणारी एखादी क्रॉसओव्हर असेल तर क्लबला आधी ईमेल करून विचारा, सकाळी गेटवर जाऊन वाद घालू नका.

भाड्याची गाडी आणू नका. भाड्याच्या करारात असल्या गोष्टींना मनाई असतेच असते, आणि स्वतःच्या गाडीचंही तसंच, पॉलिसी काढून वेळ लावून होणाऱ्या इव्हेंटबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाचा. क्लबचा इन्शुरन्स तुमच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी नसतो.

क्लासचं, म्हणजे कुठल्या गाड्यांशी आपली तुलना होणार त्या गटाचं, लोकांना फार टेन्शन येतं. सोलोचं रूलबुक एससीसीएच्या साइटवर फुकट आहे, जाडजूड आहे, सगळं वाचू नका. त्यात शेवटी परिशिष्ट ‘ए’मधे गाड्यांची यादी आहे, तिथे आपलं मॉडेल शोधा. गाडी शोरूममधून आली तशीच असेल तर ‘स्ट्रीट’ गटातलं कुठलंतरी अक्षर मिळेल, उदाहरणार्थ माझ्या सिविकला एच स्ट्रीट, लिहिताना नुसतं एचएस. बऱ्याच ठिकाणी नवख्यांचा वेगळा नॉव्हिस क्लास असतो, पहिल्या वर्षी डोळे झाकून तो घ्या.

> इथे लोक चुकतात: आधी ‘तयारी’ म्हणून पार्ट घेतात. एकाने लोअरिंग स्प्रिंग टाकून घेतले, म्हणे गाडी खाली बसली की वळणात बरी. स्ट्रीटमधे स्प्रिंग कंपनीचेच लागतात, त्यामुळे बिचारा थेट वरच्या गटात, जिथे बाकीच्यांनी गाडीवर सहा-सात हजार डॉलर घातलेले. पहिलं वर्ष गाडीला हात लावू नका. टायरसुद्धा आहेत तेच वापरा, फक्त गुळगुळीत झालेले, तारा दिसणारे किंवा चिरलेले नकोत. पुढे कधी घेतलेच तर स्ट्रीट गटात ट्रेडवेअर (रबर किती टिकेल त्याचा आकडा) २०० किंवा त्याच्या वरचाच चालतो, हे टायरच्या बाजूवर छापलेलं असतं.

२. नाव नोंदवणं आणि हेल्मेट (दहा दिवस आधी)

बहुतेक क्लब मोटरस्पोर्टरेज नावाच्या साइटवर नोंदणी घेतात. जागा भरतात, त्यामुळे ‘बघू शुक्रवारी’ असं करू नका. मेंबरशिप नसेल तर त्या एका वीकेंडची तात्पुरती मिळते. फॉर्ममधे गाडीचा नंबर विचारतील तो लायसन्स प्लेटचा नाही, दारावर लावायचा हवा तो आकडा. आणि एक खण असतो ‘वर्क असाइनमेंट’चा, तो रिकामा सोडू नका, त्याबद्दल पुढे येतंच.

हेल्मेटच्या आत, अस्तराखाली, हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेचा स्टिकर पाहिजे. त्यावर एसए किंवा एम आणि वर्ष असतं. एसए म्हणजे गाड्यांच्या रेससाठी, एम मोटरसायकलसाठी, ऑटोक्रॉसला दोन्ही चालतात. नुसतं डीओटी, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा शिक्का, लिहिलेलं चालत नाही. आणि भारतातून बॅगेत घालून आणलेलं आयएसआय मार्कवालं तर नाहीच चालत, हे मी मुद्दाम लिहितोय कारण दोघांनी आणलं होतं. फार जुन्या वर्षाचे स्टिकर बाद होत जातात, कुठली वर्षं चालतात ते रूलबुकमधे दिलेलं असतं.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवसासाठी विकत घेऊच नका. बहुतेक क्लबांकडे उसनी हेल्मेट असतात, फक्त ईमेल करून आधी विचारा आणि आत घालायला पातळ कापडी टोपी न्या, चौथ्या माणसाच्या डोक्यावरून तुमच्याकडे येतं तेव्हा कळतं का ते.

३. गाडीची तपासणी घरी (आदला शनिवार)

सकाळी तिथे टेक इन्स्पेक्शन होतं, पण तिथे काही सापडलं तर उशीर झालेला असतो. इव्हेंट रविवारी असेल तर त्याच्या आदल्या शनिवारी, म्हणजे आठ दिवस आधी बघा, म्हणजे मधे मेकॅनिककडे जायला वेळ राहतो. क्रम असा ठेवा:

1. चाकाचे नट टॉर्क रेंचने (किती जोर लावला ते दाखवणारा पाना) घट्ट करा, मॅन्युअलमधल्या आकड्याला. माझ्या सिविकला ८० फूट-पाउंड. हाताच्या अंदाजाने ‘कचकचून’ नको.
2. गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. खडखड वाटली तर बेअरिंग किंवा जॉइंट गेलंय, आधी दुरुस्ती.
3. बॅटरी धरून हलवा. हलली तर क्लॅम्प आवळा. यावर टेकमधे सगळ्यात जास्त लोक अडकतात, कारण बॅटरी बदलणारा घाईत क्लॅम्प अर्धवट सोडून जातो आणि आपण बॉनेट उघडून कधी बघत नाही.
4. ब्रेक पेडल कडक पाहिजे, दाबून धरल्यावर खाली खाली जात असेल तर प्रश्न आहे. ब्रेक फ्लुइडची पातळी, पॅडची जाडी बघून घ्या.
5. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की झटकन वर येतोय ना?
6. खाली पुठ्ठा पसरून रात्रभर गाडी उभी करा. सकाळी पुठ्ठ्यावर ठिपके दिसले तर काय गळतंय ते शोधा.
7. चाकांना प्लास्टिकच्या टोप्या असतील तर काढून घरीच ठेवा.

> तपासा: टायरच्या व्हॉल्व्हला चारी टोपणं आहेत? सीटबेल्ट कुठे कुरतडलेला, उसवलेला नाही? झालं.

४. आदली रात्र: गाडी रिकामी करणं

हे वाचून हसाल, पण सगळ्यात जास्त वेळ यात जातो. गाडीत सुटी एकही वस्तू नको. एकही म्हणजे एकही. पेन, सनग्लास, पार्किंगची चिल्लर, डिकीतली छत्री, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट. सगळं.

माझ्या पहिल्या वेळची गोष्ट. मी गाडी घरी ‘रिकामी’ केली होती, टेकवाल्या काकांनी पुढच्या सीटखाली हात घातला आणि नारळ बाहेर काढला. ब्रिजवॉटरच्या देवळातून प्रसादाचा आणलेला, पिशवीतून घरंगळून महिनाभर तिथेच बसलेला. तो धरून ते माझ्याकडे बघतायत आणि मी त्यांना प्रसाद म्हणजे काय ते समजावतोय. नंतर घरी आल्यावर सुचलं की हाच नारळ तिसऱ्या वळणात घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली आला असता तर. तेव्हापासून मी सीट पूर्ण मागे, मग पूर्ण पुढे सरकवतो आणि मोबाइलचा टॉर्च लावून दोन्हीकडून खाली बघतो.

डॅशबोर्डवरचा गणपतीही काढायचा. दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर बसलेली मूर्ती वर्षानुवर्षं हलली नसेल, पण इथे एका सेकंदात डावीकडून उजवीकडे जोर बदलतो, काचेवर आपटेल नाहीतर तुमच्या मांडीत. आरशाला लटकवलेली माळ, फोनचा स्टँड, डॅशकॅम, हे पण. चाइल्ड सीट असेल तर काढून ठेवा.

मग दारांवर नंबर. निळा पेंटर्स टेप घ्या, तो निघताना रंग ओढत नाही. आकडे कमीत कमी ८ इंच उंच आणि क्लासची अक्षरं ४ इंच, दोन्ही बाजूंना. निळ्या गाडीवर निळा टेप लावू नका, पांढरा मिळतो. कोर्सवरच्या माणसाला तुमचा नंबर दीडशे फुटांवरून वाचता आला पाहिजे, नाहीतर दुसऱ्याने पाडलेले कोन तुमच्या नावावर लागतात. टेप तिथे पोचून, गाडी उभी केल्यावर लावलात तरी चालतो, उलट बरंच, हायवेवर नंबर लावून गेलात की पोलिसांची नजर जाते. मी घरी तुकडे कापून पुठ्ठ्यावर चिकटवून नेतो.

पेट्रोल अर्धी टाकी. टाकी तळाला गेलेली असेल तर लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जाऊन इंजिन अडखळतं.

बरोबर न्यायची पिशवी: लायसन्स, टायरमधली हवा मोजायचा गेज, शाळेतला पांढरा खडू, टोपी, सनस्क्रीन, रेनकोट, पातळ सोलचे बंद बूट, भरपूर पाणी आणि डबा. तिथे सावली नसते आणि कँटीन नसतं. दिवसभर डांबरावर उभं राहायचंय, जुलैत खालून भाजतं आणि वरूनही. थेपले किंवा दशम्या न्या, बटाटेवडे नेलेत तर तुमच्या वाट्याला येणार नाहीत. आणि हो, पाऊस आला म्हणून इव्हेंट रद्द होत नाही.

५. सकाळ: पोचल्यावर कशानंतर काय

गेट उघडायच्या वेळेला पोचा. आठची वेळ असेल तर आठला, आपल्या आठला नाही.

गेटवर सही, मग पॅडॉकमधे, म्हणजे सगळ्यांच्या गाड्या उभ्या असतात त्या जागेत, गाडी लावा, मग बॅगा-पिशव्या-डबा सगळं बाहेर काढून ताडपत्रीवर ठेवा, मग रजिस्ट्रेशनला हजेरी, मग टेक. टेकला बॉनेट उघडून, हेल्मेट सीटवर ठेवून उभे राहा. हे सगळं एका तासाच्या आत उरकलं पाहिजे, कारण कोर्स पायी बघायची वेळ ठरलेली असते आणि ती संपली की संपली.

> सावधान: पॅडॉकमधे गाडी माणसाच्या चालीने. तिथे लहान मुलं, कुत्री, जॅकवर चढवलेल्या गाड्या असतात. कोर्सवर कितीही चुका केल्या तरी लोक हसून मदत करतील, पॅडॉकमधे गाडी पळवलीत तर दिवस तिथेच संपतो.

६. कोर्स पायी बघणं

इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण अख्खा दिवस इथेच जमतो किंवा फसतो.

आधी कोन वाचायला शिका. उभा कोन म्हणजे रस्त्याची कड. उभ्या कोनाशेजारी आडवा पडलेला कोन असेल तर तो बाण समजा, त्याचं टोक ज्या बाजूला आहे त्या बाजूने गाडी न्यायची. दोन उभे कोन समोरासमोर म्हणजे गेट, मधून जायचं. ओळीत एकापाठोपाठ एक म्हणजे स्लॅलम, नागमोडी. प्रत्येक उभ्या कोनाभोवती जमिनीवर खडूने चौकोन आखलेला असतो. कोन पडला किंवा चौकोनाच्या पूर्ण बाहेर गेला तर २ सेकंद दंड, हलला पण उभा आहे आणि चौकोनाला टेकलेला आहे तर माफ. आडव्या कोनाला धक्का लागला तर काही नाही. गेट चुकवलं तर मात्र तो रनच बाद.

कमीत कमी तीन फेऱ्या.

पहिली फेरी नवख्यांसाठी कोणीतरी अनुभवी माणूस घेऊन जातो, त्याच्यामागे जा, तो काय सांगतो ते ऐका. फक्त रस्ता कुठून कुठे जातो एवढंच डोक्यात घ्या.

दुसरी फेरी एकट्याने. मित्राबरोबर नाही, बायकोबरोबर नाही, फोन खिशात. दर थोड्या अंतरावर खाली बसा, म्हणजे डोळे गाडीतल्या उंचीवर येतील. उभं राहून जो रस्ता स्वच्छ दिसतो तो बसल्यावर गायब होतो, सगळे कोन एकमेकांत मिसळून नुसती नारिंगी भिंत दिसते. आता त्या भिंतीत आपल्याला ओळखू येईल अशी खूण शोधा: मागचा दिव्याचा खांब, डांबरातला जुना पांढरा पट्टा, कोपऱ्यातला ट्रेलर. ‘खांबाच्या दिशेने सुटायचं, पट्टा ओलांडला की ब्रेक.’ अशी पाच-सहा वाक्यं झाली की बास.

तिसरी फेरी गाडीच्या जागेवरून चाला, म्हणजे कोनाला खेटून नाही तर जिथून गाडीचा मध्य जाईल तिथून. प्रत्येक वळणाला स्वतःला विचारा, यानंतर काय आहे? वळणानंतर लांब सरळ पट्टा असेल तर त्या वळणातून बाहेर पडणं महत्त्वाचं, आत शिरताना हळू गेलात तरी चालेल.

> तपासा: गाडीपाशी येऊन डोळे मिटा आणि स्टार्टपासून फिनिशपर्यंत मनात गाडी चालवा. मधे कुठे अडखळलात तर वेळ असेपर्यंत तेवढाच भाग परत बघून या. आमच्यातला एक जण हे हवेत हात फिरवत करतो, लोक बघतात, बघू देत.

७. ड्रायव्हर्स मीटिंग आणि काम

मीटिंग चुकवायची नाही. तिथे कोण कुठल्या हीटमधे (धावणाऱ्यांच्या तुकडीत) धावणार आणि कुठल्या हीटमधे काम करणार ते सांगतात. हो, काम सगळ्यांना. ऑटोक्रॉसला भाड्याची माणसं नसतात, निम्मे धावतात तेव्हा उरलेले कोर्सवर उभे राहून कोन उचलतात. काम न करता निघून गेलात तर निकालातून नाव उडतं आणि पुढच्या वेळी नोंदणी घ्यायलाही खळखळ करतात. आपल्यातल्या एकाने ‘मी पैसे भरलेत ना’ असं विचारलं होतं, परत येण्याचं धाडस त्याने केलं नाही.

कोर्सवर उभं असताना:

- धावत्या गाडीकडे पाठ करायची नाही, कधीच. खाली बसायचं नाही, फोन काढायचा नाही, फोटो नाही.
- कोन पडला की आधी गाडी पुढे गेली का आणि पुढची येतेय का ते बघा, मगच धावा. चौकोनात कोन उभा करा आणि रेडिओवाल्याला गाडीचा नंबर आणि किती कोन ते ओरडून सांगा.
- लाल झेंडा हातात गुंडाळून धरायचा. रेडिओवरून सांगितलं, किंवा समोर गाडी बंद पडली, माणूस आडवा आला, तरच फडकवायचा.
- आग विझवायचा सिलिंडर कुठे आहे ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा.

काम आधी मिळालं तर नशीबवान समजा. तासभर एकाच वळणापाशी उभं राहून चाळीस गाड्या बघितल्या की कोण ब्रेक कुठे मारतो, कोणाचं टायर कुठे किंचाळतं ते आपोआप कळतं.

८. ग्रिडवर (स्टार्टच्या आधीच्या रांगेत), रनच्या आधी

टायरमधे हवा थोडी जास्त लागते. ड्रायव्हरच्या दारापाशी कंपनीने हवेचा आकडा लिहून लावलेल्या स्टिकरपेक्षा ३-४ पीएसआय वर सुरुवात करा, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच नाही. खडूने टायरच्या खांद्यापासून, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागाच्या कडेपासून, बाजूच्या भिंतीपर्यंत आडव्या रेघा ओढा, चारी टायरना दोन-तीन ठिकाणी. रननंतर बघा खडू कुठपर्यंत पुसलाय. भिंतीवरचाही पुसला असेल तर टायर लोळतंय, हवा २ पीएसआय वाढवा. खांद्याच्या आतच थांबला असेल तर हवा थोडी काढा. गरम झाल्यावर हवा स्वतःच वाढते, त्यामुळे दर रननंतर मोजा.

बसण्याची पद्धत बदला. आपण सगळे हायवेवर रेलून बसतो. इथे सीट पुढे, पाठ टेकलेली, आणि हात लांब केला तर मनगट स्टीयरिंगच्या माथ्यावर यायला हवं. सीटबेल्ट आवळायची युक्ती: सीट दोन खाच मागे घ्या, बेल्ट लावून झटका देऊन लॉक करा, आणि तो लॉक असतानाच सीट पुढे घ्या. अंग घट्ट बसतं आणि मग स्टीयरिंगला लोंबकळावं लागत नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल, स्टॅबिलिटी कंट्रोल पहिल्या दिवशी चालूच ठेवा. ‘बंद केल्याशिवाय मजा नाही’ म्हणणारे खूप भेटतील. काचा क्लबच्या नियमाप्रमाणे, एसी बंद, म्युझिक बंद.

इन्स्ट्रक्टर मागा. फुकट असतो, शेजारी बसतो, आणि शेजारून ‘बघ, बघ, पुढे बघ’ एवढंच म्हणत राहतो. ते एवढंच पुरतं.

९. रन

पहिला रन रस्ता सापडवण्यासाठी. सत्तर टक्के जोर. वेळ बघायचीच नाही. पहिल्या गिअरमधे सुटा, दुसरा टाका, आणि शेवटपर्यंत तिथेच. ऑटोमॅटिक असेल तर शक्य असल्यास दुसऱ्यात अडकवा. घड्याळ हिरव्या झेंड्याने सुरू होत नाही, पुढे किरणं असतात ती गाडीने तोडली की होतं, त्यामुळे टायर जाळत सुटायची गरज नाही.

दुसऱ्यापासून नजर. नव्या माणसाची नजर बंपरसमोरच्या कोनावर खिळलेली असते. ज्या कोनाकडे बघाल तोच पाडाल, हे इतकं खरं आहे की मी एका रनमधे एकच कोन चुकवायच्या नादात सलग तीन उडवले. कोन दाराशी येतोय तेव्हा डोळे पुढच्या वळणावर असायला हवेत, मान वळवून, गरज पडली तर बाजूच्या काचेतून. स्लॅलममधे तर कोन शेजारी यायच्या आधीच स्टीयरिंग उलट फिरायला लागलेलं पाहिजे. कोन मागे गेल्यावर वळवायला लागलात तर दर कोनाला थोडा थोडा उशीर होत जातो आणि चौथ्याला गाडी बाहेर.

मग ब्रेक. सरळ रेषेत, लवकर, आणि एकदाच जोरात. एबीएस पायाखाली थरथरला तर घाबरून पाय काढू नका, त्याचं काम त्याला करू द्या. वळणात शिरल्यावर पुढचे टायर किंचाळायला लागले आणि गाडी वळायचं नाव घेईना, तर सगळ्यांचा हात आणखी वळवतो. चूक. स्टीयरिंग किंचित सोडा, अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडा, गाडी परत पकडते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या, दिवसभर हेच होणार आहे.

> सावधान: लाल झेंडा दिसला की ताबडतोब थांबा आणि कोणी पुढे या म्हणेपर्यंत हलू नका. रन परत मिळतो. रस्त्यात आधीच्या गाडीने पाडलेला कोन दिसला तर थांबून त्याच्याकडे बोट दाखवा, तेव्हाही परत मिळतो. तसंच पुढे गेलात आणि मग तक्रार केलीत तर नाही मिळत.

फिनिशच्या किरणांपाशी लोक चेकाळतात आणि पुढच्या थांबायच्या जागेत जेमतेम थांबतात. वेळ किरणांपाशीच थांबलेली असते. पुढे हळू.

१०. दोन रनच्या मधे

मोबाइलवर निकाल बघू नका, निदान लगेच नाही. आधी मनात उजळणी: कुठे हरवलो, कुठे उशिरा वळलो. त्यातली एकच गोष्ट निवडा आणि पुढचा रन त्यासाठी. पाच गोष्टी एकदम सुधारायला गेलात की सहावी बिघडते.

खडूच्या रेघा बघा, हवा मोजा, नट हाताने चाचपा, पाणी प्या.

आणि सगळ्यात फायद्याचं काम: कोणातरी अनुभवी माणसाकडे शेजारी बसायची परवानगी मागा. हेल्मेट तुमच्याकडे आहेच. बहुतेक हो म्हणतात. तुमच्याचसारख्या साध्या गाडीत बसा, कॉर्व्हेटमधे नको, कॉर्व्हेटमधे फक्त किंकाळी फोडाल, शिकणार काही नाही. माझ्याचसारख्या सिविकमधे एका साठीच्या काकूंच्या शेजारी बसलो होतो, त्या माझ्यापेक्षा ४ सेकंदांनी पुढे होत्या आणि स्टीयरिंग माझ्या निम्म्यानेही हलवत नव्हत्या. त्या दिवसानंतर मी पार्टच्या साइट बघणं बंद केलं.

निकालात दोन आकडे दिसतील. एक तुमची वेळ, दंड धरून. दुसरा पॅक्स, म्हणजे क्लासप्रमाणे ठरलेल्या अंकाने गुणलेली वेळ, त्यामुळे साधी सिविक आणि रेसिंग टायरवाली गाडी एकाच यादीत बसते. समजा तुमचे ६० सेकंद आणि क्लासचा अंक ०.७८, तर पॅक्स ४६.८. पहिल्या दिवशी तुम्ही यादीच्या तळाला असाल, सगळे असतात. बघायचं ते एवढंच की पहिल्या पूर्ण रनपासून शेवटच्या रनपर्यंत किती सेकंद कमी झाले.

११. निघताना

टेप लगेच काढा, उन्हात दिवसभर भाजलेला टेप रात्री काढायला गेलात की गोंद राहतो. हवा परत दारावरच्या स्टिकरच्या आकड्यावर आणा, त्यासाठी टायर थोडे गार होऊ द्या. चाकाचे नट टॉर्क रेंचने एकदा. मॅट, डबा, बूट, रेनकोट, सगळं परत गाडीत, आणि उसनं हेल्मेट क्लबला परत, ते डिकीत घरी घेऊन जाणारे दोघे मला माहीत आहेत.

घरी जाताना पहिली दहा मिनिटं जपून, एक्झिटच्या रॅम्पवर पाय आपोआप जड होतो. आणि सोमवारी सकाळी पोरांना शाळेत सोडायच्या आधी चाइल्ड सीट नीट बसवा, खालचे दोन्ही हूक आणि मागचा वरचा पट्टा ओढून बघा. रात्री थकून आल्यावर नुसती ठेवून दिलेली असते आणि सकाळच्या घाईत ते कोणाच्या लक्षात राहत नाही.